थोरल्या बहिणीचे ऋण

यंदाच्या वार्षिकासाठी संपादक मंडळातील मुलींनी आमच्याकडे एखाद्या आवडत्या चित्रपटाविषयी लेख मागितला. मागणी साधी होती व आम्ही ती हसत मान्य केली. परंतु लिहावयास बसलो तेव्हा आवडते चित्रपट एकामागून एक मनातून निघून गेले आणि डोळ्यांपुढे उभा राहिला तो एकच, ज्यास आवडता म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. त्याने आमची दोन रात्रींची झोप नेली. जो आपणांस सुख देतो त्याविषयी लिहिणे सोपे असते. जो आपणांस आपल्याच दाराशी नेऊन उभा करतो त्याविषयी लिहिणे अवघड, पण अधिक उपयोगाचे असते. म्हणून हा लेख त्या चित्रपटाविषयी आहे.

‘दोघी’ हे त्याचे नाव. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी तो १९९५ साली काढला. लहान चित्रपट त्यांनी पूर्वी केले होते. पूर्ण लांबीचा कथाचित्रपट म्हणून हा पहिलाच. सामाजिक विषयावरील उत्तम चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा गौरव झाला आणि त्यातील गाण्यासाठी अंजली मराठे यांस उत्तम पार्श्वगायिकेचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. गीते कवी ना. धों. महानोर यांची व संगीत आनंद मोडक यांचे आहे. सुमित्राबाई समाजकार्याच्या अभ्यासातून चित्रपटाकडे वळलेल्या होत्या. २०२१ साली त्या निवर्तल्या. गरिबांच्या घरात जाऊन बसण्याची व त्यांचे बोलणे ऐकून घेण्याची त्यांची सवय या चित्रपटात पदोपदी दिसते.

कथा थोडक्यात अशी आहे. एका खेड्यातील गरीब घरात दोन बहिणी वाढतात. थोरली गौरी, धाकटी कृष्णा. धाकटीचे सारे जग थोरलीच्या पदराशी बांधलेले. थोरली हसली की ती हसते, थोरली गप्प झाली की तिचा घास घशाखाली उतरत नाही. गौरीचे लग्न ठरते. मांडव उभा राहतो. परंतु नवरदेवाचे वऱ्हाड वाटेवर असतानाच अपघात होतो व नवरा मुलगा प्राणास मुकतो. ज्या मुलीने काहीच केले नाही तिला गाव अपशकुनी ठरविते. तिच्या बापास तो धक्का पेलवत नाही. घरात दाणा राहत नाही. अशा वेळी मुंबईहून मामा येतो आणि गौरीस कामाला लावतो म्हणून शहरात घेऊन जातो. ज्या व्यवसायाचे नाव सभ्य घरात उच्चारले जात नाही, त्या व्यवसायात ती मुलगी ढकलली जाते. तिच्याकडून घरी पैसे येऊ लागतात, चूल पेटती राहते, आणि पुढे त्याच पैशांवर धाकटीचे लग्न उभे राहते. त्या लग्नास गौरी येते. तेव्हा, जिच्या कष्टाने हे मंगलकार्य घडत आहे, तिचाच हात त्या कार्यास लागू नये, असे तिच्या जन्मदात्या आईस वाटते!

येथे कृष्णा गप्प बसत नाही. पुढे काय होते ते आम्ही सांगत नाही. थोर विद्यार्थ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांबरोबर बसून ते स्वतः पाहावे. गौरीचे काम रेणुका दफ्तरदार यांनी, कृष्णेचे सोनाली कुलकर्णी यांनी, आईचे उत्तरा बावकर यांनी व मामाचे सदाशिव अमरापूरकर यांनी केले आहे. आईची भूमिका तर अशी वठली आहे की, तिचा राग करावा की तिच्यापुढे भाकरी ठेवावी, हे पाहणाऱ्यास कळेनासे होते.

असा विषय शाळेच्या वार्षिकात यावा काय, अशी शंका काही पालकांस येईल. आम्हांसही ती आली होती. परंतु या कथेतील खरा विषय मुंबईतील ती वाईट वस्ती नव्हे. सारा दोष मामाच्या माथी मारून मोकळे होता आले असते, तर आमची झोप उडाली नसती. मामासारखी माणसे जगात आहेत, त्यांच्यापासून सावध राहावे, एवढाच बोध घेऊन आम्ही दिवा मालवला असता. मनास डाचत राहते ते निराळेच. गौरीच्या पैशांची भाकरी घरातील सर्वांनी खाल्ली. ती कोठून आली हे मात्र कोणास मोठ्याने बोलावयाचे नव्हते. घेताना हात पुढे आणि ओळख देताना मान खाली. ही गोष्ट मुंबईत घडत नाही, घरात घडते. आणि ती केवळ अशाच घरांत घडते असेही नाही. हे आम्हांस कसे ठाऊक, ते आता सांगणे प्राप्त आहे.

आम्ही दोघी बहिणी शिरूर तालुक्यातील एका कोरडवाहू गावच्या. आमच्याकडे येईतो पावसाचे ढग सह्याद्रीपाशी रिते होऊन येतात. बाजरी पिकली तर पिकली, नाही तर मजुरी. १९९३ च्या उन्हाळ्यात वडील आजाराने गेले. थोरली बहीण, तिला आम्ही आक्का म्हणतो, नववी उत्तीर्ण झाली होती आणि गणितात तिला कोणी मागे टाकीत नसे. आम्ही सातवीत जाणार होतो. आईपुढे हिशेब सरळ होता. एकीचे शिक्षण होण्यासारखे होते, दोघींचे नव्हते. आक्काची शाळा सुटली ती ती कमी पडली म्हणून नव्हे, तर ती कामाची होती म्हणून. आणि आमची शाळा राहिली ती आम्ही अधिक हुशार म्हणून नव्हे, तर अजून कामाच्या नव्हतो म्हणून!

वडिलांचे एक नातलग दौंडास रेल्वेत नोकरीला होते. त्यांच्या आश्रयाने आक्का तेथे गेली व तीन घरची धुणीभांडी आणि एका घरचा स्वयंपाक करू लागली. तिचे सुदैव हे की ती चांगल्या माणसांत पडली. गौरीच्या वाट्यास जे आले ते तिच्या वाट्यास आले नाही. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण दोन दुःखांची तुलना करून मोठ्या दुःखाचा मान हलका करू नये. परंतु पंधराव्या वर्षी पुस्तके पेटीत ठेवून परक्या घरची भांडी घासावयास जाणे हेही काही लहान दुःख नव्हे. दर महिन्यास तिची मनीऑर्डर येई. त्यातून आईचे पीठमीठ निघे व आमच्या बोर्डिंगचे शुल्क भरले जाई.

१९९५ साली, म्हणजे हा चित्रपट निघाला त्याच वर्षी, आम्ही नववीत होतो. एका शनिवारी भेटीच्या वेळी आक्का बोर्डिंगच्या फाटकाशी आली. पहाटे निघून, एस.टी. बदलीत ती पोहोचली होती. विटलेले लुगडे, पायांत झिजलेल्या चपला, साबणाने व सोड्याने चिरलेली बोटे, आणि त्या बोटांत शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. आमच्यासोबत वर्गातील दोन मुली होत्या. चांगल्या घरच्या, नीटनेटक्या. त्यांपैकी एकीने विचारले, “कोण ग ही?”

आम्ही म्हणालो, “आमच्या शेजारची आहे.”

हे शब्द आक्काच्या कानी पडले. तिचा चेहरा एक क्षण हलला. मग ती त्या मुलींकडे वळून हसली व म्हणाली, “हां, शेजारचीच. हिच्या आईनं डबा दिलाय.”

मित्रहो, आम्ही खोटे बोललो ही गोष्ट कालांतराने कदाचित विसरलोही असतो. परंतु आमचे खोटे उघडे पडू नये म्हणून तिने आपलेही खोटे त्यास जोडले, हे विसरणे शक्य झाले नाही. जी मुलगी आमच्या वह्यांसाठी राबत होती तिने त्या फाटकाशी आमची प्रतिष्ठाही राखली, आणि स्वतः ‘शेजारची’ होऊन आल्या पावली परत गेली. शेकोटीपाशी बसून आपल्या गुरूस न ओळखणाऱ्या पेत्राची गोष्ट आम्ही पुढे अनेक वेळा वर्गात शिकविली. ती शिकविताना कोंबडा आरवण्याच्या वाक्याशी आमचा आवाज दर वेळी का अडखळतो, हे मुलांनी कधी विचारले नाही.

आक्काच्या पैशांवर आम्ही दहावी झालो, पुढे पदवीधर झालो, शिक्षक झालो. तिचे लग्न दौंडासच एका रेल्वे कामगाराशी झाले. आमचे जाणे-येणे राहिले, मायाही राहिली; त्या शनिवारचा विषय मात्र आम्ही काढला नाही आणि तिनेही काढला नाही. मनातल्या मनात आम्ही सारा दोष आईवर ठेवला होता. तिने एकीस निवडले व एकीस वगळले, असे म्हणत आम्ही आपली सुटका करून घेत असू.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आक्काकडे गेलो असता एका रात्री तिच्या मुलीने हा चित्रपट लावला. आम्ही तिघी व आमची वृद्ध आई अशा चौघी बसलो. मामा गौरीस घेऊन जातो तेथे आई पुटपुटली, “काय करंल ती तरी? पोटात आग पडल्यावर माणसाला दिसत न्हाई.” आम्ही तिच्याकडे पाहिले. १९७२ च्या दुष्काळात ती चौदा वर्षांची होती. दुष्काळी कामावर तिने खडी फोडली होती आणि तेथे मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढले होते. पुढे साऱ्या आयुष्यात पिठाच्या डब्याचा तळ तिने कधी दिसू दिला नाही. आक्कास दौंडास धाडले त्या दिवशी तिला दोन मुली दिसत नव्हत्या. तिला तो तळ दिसत होता. हे एवढे साधे सत्य कळावयास आम्हांस तीस वर्षे व एक चित्रपट लागला. भुकेने केलेली निवड आणि लाजेने दिलेला नकार या दोन गोष्टी एक नव्हेत. आईची निवड भुकेची होती. फाटकाशी आम्ही भुकेले नव्हतो. आमच्या हाती तर लाडवांचा डबा होता.

लग्नाचा प्रसंग आला. पाहुणी म्हणून आलेली गौरी घरात परक्यासारखी वावरू लागली, तेव्हा आक्का उठली व “चहा ठेवते,” म्हणून आत गेली. आम्ही मागोमाग गेलो. चहाचे आधण उकळत होते. आम्ही म्हणालो, “आक्का, ते बोर्डिंगचे फाटक तुला आठवते का?”

तिने साखरेचा डबा शोधला. मग म्हणाली, “आठवतं की.”

“मी तुला शेजारची म्हणाले होते.”

“म्हणाली होतीस.” थोडे थांबून ती म्हणाली, “मला त्याचं काय न्हाई वाटलं, असं म्हटलं तर खोटं होईल. वाटलं. एस.टी.त बसून मी रडले. मग म्हटलं, हिनं डबा तर घेतला ना? लाज वाटून परत दिला असता, तर मी पुन्हा आले नसते.”

एवढे बोलून तिने कपबश्या मांडल्या. आम्ही क्षमा मागितली. तिने “आता चहा घे,” एवढेच म्हटले. बाहेर येऊन बसलो तेव्हा पडद्यावरची कृष्णा आपल्या बहिणीसाठी साऱ्या मांडवापुढे उभी होती. आम्ही आक्काकडे पाहू शकलो नाही. कृष्णेने जे केले ते आमच्याने झाले नव्हते, आणि आम्हांस तर उभे राहावयास मांडवही नव्हता, समोर दोनच मुली होत्या.

दुसरे दिवशी दौंडहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीने आम्ही केडगावास उतरलो. तेथून न्हावऱ्यावरून शिरूरची एस.टी. मिळते. गाडीस अवकाश होता, म्हणून पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या रस्त्याने थोडे चाललो. रमाबाईंचे चरित्र तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. परंतु त्यांस एक थोरली बहीण होती व तिचे नाव कृष्णाबाई होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. दक्षिणेतील दुष्काळाच्या दिवसांत, १८७४ च्या सुमारास, तीर्थे हिंडत असलेल्या त्या कुटुंबावर काळ कोसळला. प्रथम वडील अनंतशास्त्री, पाठोपाठ आई लक्ष्मीबाई, आणि त्यानंतर थोरली बहीण गेली. राहिले ते रमाबाई व त्यांचे भाऊ श्रीनिवास. दोघांनी पायी देश पालथा घातला व १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथे त्यांस ‘पंडिता’ ही पदवी मिळाली.

मुंबईत १८८९ साली त्यांनी शारदा सदन काढले. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ मध्यप्रांतात पडला, तेव्हा रमाबाई स्वतः तेथे गेल्या. उपाशी व पोरक्या मुलींस फसवून अब्रूच्या बाजारात नेणारी माणसे तेथे टपून बसलेली त्यांनी पाहिली. चित्रपटातील मामा हा काही आजचा नव्हे! रमाबाईंनी शेकडो मुली व विधवा तेथून आणल्या व केडगावच्या माळावर त्यांचे घर वसविले. १९०० च्या सुमारास तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. ज्यांस फसवून वाममार्गास लावण्यात आले होते अशा स्त्रियांसाठीही तेथे कृपासदन म्हणून स्वतंत्र घर होते. ज्या संकटाने आपली थोरली बहीण नेली, त्याच संकटाच्या जबड्यातून या बाईने दुसऱ्यांच्या बहिणी ओढून काढल्या, आणि त्यांस ‘या कोणाच्या?’ असे विचारले नाही. आमच्या दौंड तालुक्यात, आक्काच्या घरापासून काही स्थानके अलीकडे हे घडले. आणि आम्ही मात्र आमच्या एकुलत्या एक बहिणीस एका फाटकाशी ओळख देऊ शकलो नव्हतो. एस.टी. आली तेव्हा हे सारे मनात घेऊनच आम्ही भीमा ओलांडली.

विद्यार्थी मित्रहो, बहिणींच्या प्रेमाविषयी निबंध लिहावयास सांगितले की तुम्ही एकत्र खेळणे, एकमेकींची वेणी घालणे, राखी व भाऊबीज यांविषयी लिहिता. ते सारे खरेच आहे. परंतु प्रेमाची परीक्षा घरातील अंथरुणावर होत नाही. ती चारचौघांत होते. तुमच्यापैकी कित्येकांच्या शुल्कामागे कोणाची तरी सुटलेली शाळा उभी आहे. कोणाची बहीण ऊसतोडीच्या फडावर आहे, कोणाचा भाऊ रांजणगावच्या कारखान्यात रात्रपाळी करतो, कोणाची आई परक्या घरची भांडी घासते. ती माणसे पालकसभेस येतील तेव्हा त्यांच्या चपलांकडे पाहू नका. पुढे जाऊन हात धरा व नाते मोठ्याने सांगा. त्यास पैसा लागत नाही, आणि वेळेवर केले तर धैर्यही फार लागत नाही. तीस वर्षे थांबल्यास मात्र पुष्कळ लागते.

आणि पालकहो, तुम्हांस एक विनंती. घरात एकच दिवा लावण्यापुरते तेल असेल तर तो कोणासाठी लावावा, हे ठरविणे कठीण आहे. तुमच्या निवडीस नावे ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु ज्या मुलीचा वाटा दुसऱ्यास दिला, तिला ते कधी तरी स्पष्ट बोलून दाखवा. ‘तुझे कर्तव्यच होते’ असे म्हणू नका. ‘हे तुझे होते, ते आम्ही घेतले,’ असे म्हणा. आमच्या आईने त्या रात्री, चित्रपट संपल्यावर, आक्काच्या चिरलेल्या बोटांवरून एकदा हात फिरविला. ती बोलली काहीच नाही. पण आक्का त्यानंतर बराच वेळ तशीच बसून राहिली.

यंदाच्या स्नेहसंमेलनास पहिल्या रांगेत, मुख्याध्यापकांच्या मागे, हिरवे लुगडे नेसलेल्या एक बाई बसल्या होत्या. नववीतील काही मुलींनी आम्हांस विचारले, “बाई, त्या कोण?” पडदा वर जाण्याची वेळ झाली होती, म्हणून उत्तर एका शब्दात द्यावे लागले. पुरते उत्तर द्यावयाचे राहिले होते, ते येथे देत आहोत. त्या आमच्या थोरल्या भगिनी. गणितात त्या आमच्याहून फार हुशार होत्या, आणि तुम्हांस शिकविण्यासाठी आम्ही जी पदवी मिळविली तिचे शुल्क त्यांनी भरले आहे. त्या शेजारच्या नव्हेत.